तिसऱ्या अनुसूचीची कैफियत

मनमाडहून काचीगुड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर परतूर मागे पडले आणि मानवत रोड अजून पुढे असले, म्हणजे मध्ये सेलूचे स्थानक येते. आणि दिवाळीनंतरच्या दिवसांत ज्याने तेथे उतरून बाजाराची वाट धरली असेल, त्याला जिनिंगच्या आवारांतील कापसाचे ढीग, त्या ढिगांवर कमरेपर्यंत रुतून काम करणारी माणसे आणि कुंपणाच्या बाभळींना अडकून राहिलेले पांढरे पुंजके यांचे वर्णन निराळे करून सांगावे लागत नाही. निजामाच्या अमदानीत, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, गोदावरी खोऱ्याची ही रेल्वे झाली, आणि दुधनाकाठच्या काळ्या जमिनीतील कापूस, जो पूर्वी बैलगाड्यांतून, करोडगिरीचे नाके ओलांडीत, सावकाश बाहेर पडत असे, तो आता सरकी काढून, गाठी बांधून, आगगाडीच्या डब्यांतून मुंबईच्या मार्गाला लागला. गावाची भरभराट त्या गाठींवर झाली. पुढे शाळा उभ्या राहिल्या, पेठा वाढल्या. परंतु गावाचे वर्ष अद्यापही हंगाम आणि बिगरहंगाम अशा दोनच ऋतूंत मोजण्याची लोकांची सवय गेलेली नाही.

जीनच्या आत जे यंत्र सरकी आणि रुई यांची फारकत करते त्यात एक रोलर असतो, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चामड्याचा असे. क्रोम क्षाराने कमावलेल्या चामड्याच्या चकत्या एकीला एक दाबून बसवावयाच्या, त्यांचा लांबट रूळ करावयाचा, आणि त्या खरखरीत पृष्ठभागाने कापसाचा तंतू पकडून पात्याखाली ओढावयाचा, अशी त्याची साधी युक्ती. चालता चालता तो गुळगुळीत होतो, म्हणून त्याला वारंवार घासून खाचा पाडाव्या लागतात; आणि चालताना काय किंवा घासताना काय, चामड्याचा जो बारीक भुगा उडतो तो रुईच्या धुरळ्यात मिसळून तेथे उभ्या असलेल्या माणसाच्या नाकातोंडात जातो. नागपूरच्या अभियंत्यांनी या भुग्यातील क्रोमियमचे मोजमाप करून रबराचे क्रोमविरहित रोलर सिद्ध केले, ही अलीकडची गोष्ट. चामड्याची धूळ नाकाच्या पोकळीत कर्करोग उत्पन्न करते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने दिलेला आहे, आणि षट्संयोजी क्रोमियमविषयीही तिचा निर्णय तितकाच निःसंदिग्ध आहे. आता कोणी तोंडाला उपरणे गुंडाळून वीस हंगाम त्या यंत्राशी उभा राहिला, आणि पुढे दहा वर्षांनी त्याला हा रोग जडला, तर त्याने दाद कोठे मागावी आणि कशाच्या आधारे मागावी? या प्रश्नाचे उत्तर एका फेरिस्तीत आहे. कायद्याच्या पाठीमागे जोडलेल्या तिसऱ्या अनुसूचीत. ती फेरिस्त कशी तयार झाली, कोणाच्या शरीरावर तयार झाली, आणि तिच्यात शिरकाव होण्यास रोगाला किती वर्षे उंबऱ्यावर तिष्ठत राहावे लागले, याची कैफियत सांगण्यासारखी आहे. आणि योगायोग असा की तिचे सूत्रही कापसाचेच आहे.

धंद्यामुळे कर्करोग होतो हे प्रथम लिहून ठेविले ते लंडनचा शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट याने, १७७५ साली. लहानपणापासून धुराड्यांत उतरून काजळी खरवडणाऱ्या मुलांना मोठेपणी अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो, हे त्याने दाखविले. १८९५ साली फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन याने रंगाच्या कारखान्यातील कामगारांच्या मूत्राशयात तोच शत्रू ओळखला, आणि १९१५ साली यामागिवा व इचिकावा या जपानी संशोधकांनी सशाच्या कानाला महिनोगणती डांबर चोळून कर्करोग प्रत्यक्ष उत्पन्न करून दाखविला. वैद्यकाला अशा रीतीने साक्षात्कार होत गेले. परंतु न्यायाची गती निराळी असते. इंग्लंडात १८९७ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा पहिला कायदा झाला तेव्हा त्याच्या दृष्टीसमोर केवळ अपघात होता: पट्ट्यात सापडलेला हात, कोसळलेली कमान, फुटलेला बाष्पक. अपघाताला दिवस असतो, वेळ असते, आरडाओरडा ऐकून धावत आलेले साक्षीदार असतात. रोगाला यांतले काहीच नसते. म्हणून १९०६ साली जेव्हा रोगही भरपाईस पात्र ठरविण्याचा विचार झाला, तेव्हा कायदेपंडितांनी एक चतुर कल्पना लढविली: काही मोजक्या रोगांची यादी करावयाची, आणि त्या यादीतील रोग त्या त्या धंद्यातील माणसाला झाला म्हणजे तो ‘अपघात’च होय असे मानून चालावयाचे. पुढच्याच वर्षी धुराडी साफ करणाऱ्यांचा कर्करोग आणि डांबर-पिचमुळे होणारा त्वचेचा कर्करोग यांना त्या यादीत जागा मिळाली. पॉटच्या लेखाला तोपर्यंत १३२ वर्षे होऊन गेली होती.

आणि याच सुमारास, कोणाच्या फारसे ध्यानात न येता, धुराड्यातला तो रोग सूतगिरणीत येऊन बसला होता.

लँकशायरच्या गिरण्यांतील ‘म्यूल’ नावाचे सूत कातण्याचे यंत्र ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना त्या रोगाची जागा समजणे कठीण आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. हजारावर चात्या ओळीने बसविलेला एक लांबलचक गाडा रुळांवरून पुढे येई, येता येता पेळूला पीळ देई, आणि मग मागे जाऊन ते सूत गुंडाळून घेई. मिनिटातून तीन-चार वेळा ही ये-जा चाले. धागा तुटला की कामगाराने पुढे सरणाऱ्या गाड्यावर ओणवे होऊन, हात लांबवून, तो बोटांनी सांधावयाचा. असे ओणवे होताना त्याच्या मांड्या आणि ओटीपोट गाड्याच्या आडव्या दांड्याला घासत. तो दांडा तेलकट असे. आणि प्रचंड वेगाने फिरणाऱ्या चात्यांतून उडालेल्या तेलाचे तुषार नेमके त्याच उंचीवर त्याच्या पातळ विजारीत मुरत. गिरणीत ऊब व दमटपणा मुद्दाम राखलेला, कामगार अनवाणी, कपडे कमीतकमी, आणि अंग धुण्याची सोय बेताचीच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत यंत्राला प्राणिज व वनस्पतिज तेले घालीत. पुढे स्कॉटलंडातील शेल नावाच्या दगडातून निघालेले खनिज तेल स्वस्त पडू लागले, आणि गिरणीच्या हिशेबवहीत ती बचत म्हणून नोंदली गेली. तिचे व्याज तीस-चाळीस वर्षांनी, म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसांच्या देहांवर वसूल होऊ लागले.

मँचेस्टरच्या रॉयल इन्फर्मरीत असा पहिला रोगी १८८७ साली नोंदला गेला. परंतु एक रोगी म्हणजे योगायोग, दहा रोगी म्हणजे कुजबुज; पुरावा व्हावयास १९२२ साल उजाडावे लागले. त्या वर्षी साउदम आणि विल्सन या दोघा वैद्यांनी त्याच रुग्णालयाची वीस वर्षांची दप्तरे उपसून अंडकोशाच्या कर्करोगाचे १४१ रोगी मोजले, आणि प्रत्येकाचा धंदा पाहिला. त्यांतले ६९ म्यूलवर सूत कातणारे होते. धुराडी साफ करणारा, ज्याच्या नावाने हा रोग शंभर-सव्वाशे वर्षे ओळखला जात होता, असा अवघा १ होता. रुग्णालयाच्या कोणा कारकुनाने रोग्याच्या नावासमोर त्याचा धंदा इमानाने लिहून ठेविला, म्हणून हा शोध लागला; नुसता ‘मजूर’ असा शेरा मारून त्याने पान उलटले असते तर हे ६९ जण जगाच्या लेखी ६९ निरनिराळी दुर्दैवे ठरली असती. कर्करोगाच्या भरपाईचा सारा इतिहास मला अशा कारकुनांचा इतिहास वाटतो.

रोगाला लज्जेचे अंग होते, ते कायद्याच्या गणितात कोणी धरले नव्हते. पहिली लहानशी गाठ, चामखिळीसारखा उंचवटा, माणूस बायकोलाही दाखवीत नसे, मग कारखान्याच्या वैद्याला दाखविणे दूरच; आणि गाठ दाखविली तर काम जाईल ही धास्ती होतीच. त्यातून इंग्लंडच्या कायद्याने अशी अट घातली होती की रोग ज्या कामामुळे जडला ते काम माणूस अशक्त ठरण्याच्या आधीच्या बारा महिन्यांत त्याने केलेले असले पाहिजे. तीस वर्षे म्यूलवर झिजून, गुडघे गेले म्हणून कामावरून उतरलेल्या आणि नंतर दोन वर्षांनी गाठ दिसलेल्या माणसाला ही अट अर्थातच पुरी करता येत नसे. १९२६ साली सरकारी समितीने चौकशी करून तेलाचा दोष मान्य केला. तरी शुद्ध, निर्दोष असे पांढरे तेलच म्यूलच्या चात्यांना वापरावे, असा सक्तीचा नियम निघण्यास १९५३ साल यावे लागले, आणि तोवर म्यूल यंत्रच मोडीत निघण्याच्या मार्गाला लागले होते. राज्यकर्त्यांची दया बहुधा अशी यंत्रांच्या वार्धक्याची वाट पाहते.

येथे आपल्या बाजूची एक गोष्ट सांगावयास हवी. जमशेटजी टाटांनी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली ती १ जानेवारी १८७७ रोजी. आणि पुढल्या दशकात, लँकशायर अद्याप म्यूलच्या प्रेमात असता, त्यांनी ‘रिंग’ पद्धतीच्या चात्या आपल्या गिरणीत बसवून पाहिल्या. रिंगवर सूत अधिक निघते आणि ते चालवावयास म्यूलवाल्याइतका कसबी माणूस लागत नाही, हा त्यातला हिशेब. मुंबईच्या गिरण्यांनीही हळूहळू तोच रस्ता धरला. रिंगच्या साच्यावर ओणवे व्हावे लागत नाही, मांडीला दांडा घासत नाही. म्यूलचे काही साचे मुंबईतही होते हे खरे. परंतु लँकशायरला ज्या रोगाने पिढीच्या पिढी ग्रासली, त्याचे तसे थैमान आमच्या गिरणगावात झाले नाही, याचे श्रेय माझ्या समजुतीने कोणत्याही वैद्याला किंवा विधिमंडळाला नसून, नफ्याच्या त्या एका हिशेबाला आहे. आमच्या कामगाराच्या वाट्याला छातीत साठणारी कापसाची धूळ आली, ती मात्र भरपूर आली.

हिंदुस्थानातील कायद्याची गोष्ट सांगताना कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावी १८७९ साली जन्मलेल्या नारायण मल्हार जोशी यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. भारत सेवक समाजाचे सदस्य, मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगचे संस्थापक, १९१९ च्या वॉशिंग्टन येथील पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस गेलेले हे साधेसुधे गृहस्थ १९२१ पासून मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून बसत, आणि ज्या सभागृहात गिरणीमालकांचे शब्द तोलून ऐकले जात तेथे कारखान्यातील तुटलेल्या बोटांचा हिशेब मांडीत. १९२३ चा आठवा अधिनियम, म्हणजे कामगार नुकसानभरपाईचा कायदा, त्यांच्या पाठपुराव्याच्या काळात मंजूर झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. कामगार मेला तर त्याच्या वारसांना तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांतील जी रक्कम कमी असेल ती. कायमचा पूर्ण निकामी झाला तर बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा साडेतीन हजार, पुन्हा कमी असेल ती. ‘कमी असेल ती’ हे शब्द त्या काळच्या कायद्यांत ठायी ठायी आढळतात.

रोगांची यादी विलायतेहून आली, पण वाटेत तिचे ओझे बरेच हलके करण्यात आले. मूळ तिसऱ्या अनुसूचीत लोकर, केस व कातडी हाताळणाऱ्यांना होणारा आंथ्रॅक्स, शिशाची विषबाधा आणि फॉस्फरसची विषबाधा एवढीच काय ती मंडळी होती. मँचेस्टरचे ते १४१ रोगी आदल्याच वर्षी छापून प्रसिद्ध झाले होते आणि इंग्लंडच्या यादीत कर्करोगाला शिरून सोळा वर्षे लोटली होती. येथे मात्र कर्करोग हा शब्दही नव्हता. तथापि त्या कायद्यात एक बीज रुजले होते. रोग म्हणजे अपघात, ही विलायती कल्पना त्याने स्वीकारली, आणि यादीत भर घालण्याचा अधिकार सरकारला दिला. पुढे पारा आला, बेंझिन आले, क्ष-किरण आणि रेडियम आले. आणि डांबर, पिच, खनिज तेल यांच्यामुळे होणारा त्वचेचा प्राथमिक कर्करोगही, लँकशायरच्या म्यूलवाल्यांच्या पाठोपाठ, आमच्या अनुसूचीत येऊन बसला.

सेलूला मात्र यातले काही आपोआप लागू नव्हते. येथे निजामाचा अंमल होता. फसली सन, हाली सिक्का आणि उर्दू दप्तर. आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे हद्दीच्या नाक्यापाशी थांबत. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, १९५१ साली ‘ब’ वर्गातील राज्यांना केंद्राचे कायदे लागू झाले, आणि १९२३ चा कायदा, वयाने अठ्ठावीस वर्षांचा होऊन, मराठवाड्याच्या जीनमध्ये दाखल झाला.

तोवर दुसरे एक दार उघडले गेले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या धुमश्चक्रीत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद असता, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडून कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा करून घेण्यात आला. तो १९४४ च्या ऑगस्टात सादर झाला आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा निघाला. मालकाशी भांडावयाचे नाही, त्याची चूक शाबीत करावयाची नाही. विमा महामंडळ औषधपाणी करील आणि निवृत्तिवेतनही देईल, अशी ही उदार रचना. १९५२ च्या फेब्रुवारीत कानपूर व दिल्ली येथे ती सुरू झाली, दोन-अडीच वर्षांत नागपूर-मुंबईस आली. पण त्या कायद्याच्या व्याख्यांच्या कलमात ‘हंगामी कारखाना’ अशी एक व्याख्या होती, आणि हंगामी कारखान्यांना हा कायदा लागू नव्हता. ती व्याख्या सेलूच्या माणसाने एकदा वाचावी. हंगामी म्हणून तेथे जे धंदे नावानिशी मोजले आहेत त्यांत कॉफी आहे, नीळ आहे, लाख आहे, रबर आहे, साखर आणि गूळ आहे, चहा आहे. आणि या साऱ्यांच्या अगोदर, यादीच्या अगदी तोंडाशी, कापसाची सरकी काढणे आणि गाठी दाबणे आहे. अशा रीतीने गावाचा मुख्य धंदा कायद्याच्या पहिल्याच पानांवर बाहेर काढला गेला. जीनमधल्या मजुराला जुना १९२३ चा कायदाच उरला, जेथे रोग झाल्याचे आयुक्तापुढे मांडणे ज्याचे त्याच्यावर होते.

आता पुन्हा एकदा लँकशायरकडे वळतो. कारण कापसाच्या सुताने दुसऱ्या एका तंतूला हात धरून आणले. रॉचडेल नावाच्या गावी टर्नर बंधूंचा कापसाचाच व्यवहार होता; १८७९ साली त्यांनी ऍस्बेस्टॉसचा दगडी तंतू, जो जळत नाही आणि तरीही कापसासारखा कातता-विणता येतो, यंत्रावर विणावयास घेतला. जे यंत्र कापूस विणीत होते तेच, थोड्या फेरफाराने, हेही विणू लागले. नेली केर्शॉ नावाची एक स्त्री, जी बालपणी सूतगिरणीत कामाला लागली होती, ती पुढे या कारखान्यात ऍस्बेस्टॉसचे सूत कातू लागली. १९२२ साली तिच्या वैद्याने तिला ‘ऍस्बेस्टॉसची विषबाधा’ झाल्याचा दाखला दिला. कंपनीने भरपाई नाकारली. हा रोग यादीत नव्हता. १९२४ च्या मार्चमध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, ती वारली, आणि तिच्या फुप्फुसांतील धुळीचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कुक नावाच्या वैद्याने लिहिलेला निबंध ही त्या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद ठरली. यादीने तिला १९३१ मध्ये जागा केली, सात वर्षे उशिरा. तो फुप्फुस घट्ट करणारा रोग होता. कर्करोगाची पाळी अजून यावयाची होती. १९५५ साली रिचर्ड डॉल यांनी त्याच रॉचडेलच्या कामगारांचे मृत्यू मोजून दाखविले की वीस वर्षे किंवा अधिक काळ त्या धुळीत काढलेल्यांत फुप्फुसाचा कर्करोग इतरांच्या सुमारे दसपट असतो. आणि १९६० साली दक्षिण आफ्रिकेच्या खाणींच्या मुलखातून वॅग्नर यांनी फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचे, म्हणजे मेसोथेलियोमाचे, ३३ रोगी जगापुढे ठेविले.

रॉचडेलच्या त्या कंपनीचा विस्तार मुंबईपर्यंत झालेला होता. मुलुंडला १९३० च्या दशकात ऍस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना निघाला, घाटकोपरला १९५० च्या दशकात मोटारींच्या ब्रेकला लागणाऱ्या अस्तराचा. आणि कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून आलेली माणसे त्या धुळीत कामाला लागली. डॉल यांचा निबंध छापून झाल्यानंतरही ती धूळ येथे निर्वेधपणे उडत होती. मुंबईतल्या काही ध्येयनिष्ठ डॉक्टरांनी आणि कामगार-कार्यकर्त्यांनी या कामगारांना तपासण्यास आरंभ केला, तेव्हा एका कारखान्याच्या पाहणीत तपासलेल्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्शाच्या छातीत ऍस्बेस्टॉसचा रोग असल्याचे आढळून आले.

या प्रकरणात हिंदुस्थानच्या न्यायसंस्थेने जे पाऊल उचलले ते कोणाही विधिमंडळाच्या पुढे होते. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर या संस्थेने १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि २७ जानेवारी १९९५ रोजी न्यायमूर्ती के. रामस्वामी यांनी लिहिलेल्या निर्णयात कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे घोषित झाले. रोग आढळेल त्या प्रत्येक कामगारास कारखान्याने एक लाख रुपये द्यावेत, असा हुकूम झाला. पण मला त्या निकालात त्याहून मोलाची वाटते ती दुसरी आज्ञा. प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीचे दप्तर कामावर लागल्यापासून चाळीस वर्षे, किंवा काम सोडल्यापासून पंधरा वर्षे, यांतील जे अधिक असेल तेवढा काळ जपून ठेवावयाचे. येथे ‘कमी असेल ते’ या जुन्या शब्दांच्या जागी ‘अधिक असेल ते’ असे शब्द आले. आणि रोगाचे आयुष्य केवढे लांब असते हे न्यायालयाने अचूक ओळखल्याचे त्या एका आकड्यावरून कळून येते.

कायद्याचा मजकूर मात्र इतका दूरवर पाहत नाही. १९८४ च्या दुरुस्तीने तिसऱ्या अनुसूचीचे तीन भाग नव्याने मांडण्यात आले, आणि दुसऱ्या भागात कर्करोगांना बऱ्यापैकी स्थान मिळाले: डांबर व खनिज तेलाचा त्वचेचा कर्करोग, रंगद्रव्यांमुळे होणारा मूत्रमार्गाचा, ऍस्बेस्टॉसचा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलियोमा; बेंझिनचे आणि क्रोमियमचे विकारही त्याच भागात. या भागातील रोगासाठी एकाच मालकाकडे निदान सहा महिने अखंड नोकरी हवी. सेलूचा हंगाम दिवाळीनंतर भरास येतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी ओसरतो. तो सहा महिन्यांना पुरतोच असे नाही. काम सोडल्यानंतर रोग जडला तर भरपाई मिळू शकते, परंतु तो कामातूनच उद्भवला हे सिद्ध करावे लागते. आणि काम सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली, तर ती दिसली तो दिवस ‘अपघाताचा’ दिवस मानण्याची सवलत आहे. ज्याला उगवावयास वीस-तीस वर्षे लागतात त्या रोगाला दोन वर्षांची सवलत! विलंब माफ करण्याचा अधिकार आयुक्ताला आहे हे खरे. पण विलंब माफ झाला तरी पुरावा माफ होत नाही.

यातच एक कारकुनी गंमत दडलेली आहे. धूळ अनेक मालकांच्या कारखान्यांत छातीत गेली असेल तर त्या सर्व मालकांवर भरपाईचा बोजा आयुक्ताने योग्य त्या प्रमाणात वाटून टाकावा, असे एक शहाणपणाचे पोटकलम कायद्यात आहे. पण ते लागू आहे तिसऱ्या भागाला, म्हणजे फुप्फुसे घट्ट करणाऱ्या धुळीच्या रोगांना. त्याच धुळीने होणारा कर्करोग दुसऱ्या भागात बसविलेला असल्यामुळे त्या वाक्याचा आश्रय त्याला नाही. लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे हाच गुंता २००२ साली आला: दोन मालकांकडे ऍस्बेस्टॉसची धूळ खाल्लेला माणूस मेसोथेलियोमाने गेला, आणि घातक कण कोणाच्या कारखान्यातला हे सांगणे शास्त्राला अशक्य, म्हणून खालच्या न्यायालयाने दोघांनाही सोडून दिले होते. लॉर्डांनी ठरविले की ज्याने ज्याने धोका वाढविला तो तो जबाबदार. कंत्राटी मजूर, हंगामी मजूर, आज या जीनमध्ये तर पुढल्या साली पलीकडच्या, असा ज्यांचा जन्म जातो त्यांच्यासाठी हे तत्त्व जणू घडविलेले आहे. आमच्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागात ते अद्याप उतरलेले नाही.

आता ‘कामगार नुकसानभरपाई’ हे नावही राहिले नाही. २०१० पासून ‘कर्मचारी भरपाई’ झाले, आणि पुढे ही सारी सामग्री सामाजिक सुरक्षा संहितेत नेऊन ठेवण्यात आली. रोगांची फेरिस्त तेथेही तिसऱ्या अनुसूचीतच आहे. धंद्याच्या कर्करोगाविषयी आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने १९७४ साली जो करार केला त्यावर भारताची सही नाही. बेंझिनच्या करारावर मात्र १९९१ मध्ये झालेली आहे.

हे झाले कारखान्याचे; कापसाच्या शेतात काय होते त्याचा एकच दाखला देतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकड्यांनी रुग्णालयांत गेले. सरकारने मृतांच्या घरी दोन-दोन लाख रुपये पोहोचविले, आणि तेही सानुग्रह म्हणून, हक्काचा मोबदला म्हणून नव्हे. तेथे विष आणि मृत्यू यांत दिवसांचेच अंतर होते, पाठीवरचा पंप अद्याप ओला होता, आणि तरीही जबाबदारी ठरविण्यास वर्षे लोटली. ज्याच्या बाबतीत हे अंतर वीस वर्षांचे असेल त्याचा फवारणीचा रोज कोणत्याही पटावर नसतो. तो असतो शेतमालकाच्या खिशातल्या टाचणवहीत, पेन्सिलीने.

जीनमध्ये निदान हजेरी मांडली जाते. वेतन प्रदान कायद्याने पगाराचे रजिस्टर शेवटच्या नोंदीपासून तीन वर्षे जपून ठेवण्याची सक्ती केलेली होती. हंगाम सरला, शेवटच्या गाठी स्थानकाकडे गेल्या, की मुकादम ते रजिस्टर मिटतो, त्यावर साल लिहितो, आणि लाल फडक्यात बांधून कचेरीच्या माळ्यावर मागल्या सालांच्या बस्त्यांशेजारी ठेवतो. चौथ्या वर्षी माळा झाडला जातो, आणि रद्दीवाला तराजू घेऊन येतो.